पोकळीचं देणं

दवनीवाड्याच्या जमिनीखाली कोळसा नाही. गोंदिया जिल्ह्याचा हा पट्टा फार जुन्या, कठीण खडकावर वसलेला आहे. वर काळी-पिवळी माती, धानाच्या बांध्या, बोड्या आणि तलाव. खाली नाईस आणि शिस्ट. कोळसा ज्या गोंडवाना खडकांत सापडतो ते खडक इथून दूर, नागपूरजवळ कामठीच्या बाजूला, उमरेडकडे आणि चंद्रपूर-वणीच्या वर्धा खोऱ्यात आहेत. इथल्या शेतकऱ्याला खाणीची चिंता नाही. त्याला चिंता आहे ती पाण्याची, धानाच्या भावाची आणि रानडुकरांची.

तरीही भूमिगत कोळसा खाणी, त्यांनी जमिनीच्या पोटात मागे ठेवलेल्या पोकळ्या आणि त्या कशाने भरायच्या, हा प्रश्न याच परिसरातून मांडायला हवा. त्याची तीन कारणं आहेत. पहिलं कारण वैनगंगा. विदर्भात रेती म्हटलं की जी नावं आधी येतात, त्यात हिचं नाव आहे, आणि पोकळी भरायला खाणींनी सर्वांत जास्त वापरली ती नदीची रेतीच. दुसरं कारण शेजारच्या तिरोड्याचा ३,३०० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प. दुसऱ्या जिल्ह्यांतल्या, दुसऱ्या राज्यांतल्या खाणींचा कोळसा इथे जळतो आणि त्याची राख इथे उरते. तिसरं कारण मँगनीज. उत्तरेला बालाघाटची भरवेली आणि पश्चिमेला तुमसर तालुक्यातली चिखला, या दोन्ही भूमिगत खाणींत पोकळी भरणं हा रोजच्या कामाचा भाग आहे. रेती, राख आणि भरणाचा जुना अनुभव या तिन्ही गोष्टी एवढ्या जवळ असलेला टापू विदर्भात दुसरा क्वचितच असेल.

जमिनीखाली काय घडतं

आपल्याकडच्या बहुतेक भूमिगत कोळसा खाणी 'बोर्ड अँड पिलर' पद्धतीच्या. कोळशाच्या थरात उभ्या-आडव्या गॅलऱ्या कोरत जायचं आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब, म्हणजे पिलर, छत तोलायला ठेवायचे. या पहिल्या फेरीत थरातला पाव ते एक तृतीयांश कोळसाच बाहेर येतो. उरलेला खांबांत अडकलेला असतो. म्हणून दुसरी फेरी होते ती 'डिपिलरिंग'ची: खांबही कापून काढायचे आणि मागे मागे सरकत यायचं. ज्या भागातून खांब निघाले त्याला खाणकामगार 'गोफ' म्हणतात.

या गोफचं काय करायचं, याची उत्तरं दोनच. एक, छत कोसळू द्यायचं. दोन, कोसळण्याआधी ते भरून टाकायचं. भरण्याच्या या कामाला खाणीत 'स्टोइंग' म्हणतात.

छत कोसळू दिलं की वरचे थर एकामागून एक मोडत, वाकत खाली येतात आणि शेवटी जमीन खचते. किती खचेल ते थराची जाडी, खोली, रुंदी आणि वरचा खडक यांवर ठरतं. पण भरण नसेल तर काढलेल्या जाडीच्या निम्म्यापर्यंत किंवा त्याहूनही अधिक खचण्याची उदाहरणं भारतीय खाणींत आहेत. रेती आणि पाणी यांचं मिश्रण पाइपातून सोडून नीट भरण केलं तर तोच आकडा साधारण पाच टक्क्यांपर्यंत उतरतो. तीन मीटर जाडीचा थर काढला असेल तर पहिल्या वाटेने जमीन दीड मीटर किंवा जास्त खाली जाते, दुसऱ्या वाटेने वीतभर. वर धानाची बांधी असेल तर हा फरक जीवनमरणाचा ठरतो. बांधीला सपाटी लागते. जमीन वाकली की पाणी एका कोपऱ्यात साचतं आणि दुसरा कोपरा कोरडा पडतो. धुऱ्याला भेग पडली तर पाणी थांबतच नाही.

जमीन लगेच खचली तर निदान कळतं तरी. खरी भीती असते ती उथळ, जुन्या खाणींची. तिथे खांब उभे ठेवून काम थांबवलेलं असतं आणि वर वस्ती वाढत जाते. गॅलरीचं छत थोडं थोडं झडत राहतं, पोकळी वर सरकत राहते. वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही. मग एक दिवस पृष्ठभागाला भोक पडतं.

घुग्घुस, २६ ऑगस्ट २०२२

चंद्रपूर जिल्ह्यातलं घुग्घुस हे कोळशावर वाढलेलं गाव. २६ ऑगस्ट २०२२ रोजी तिथल्या अमराई वॉर्डात एक राहतं घर पाहता पाहता जमिनीत गेलं. साठ-सत्तर फूट खोल खड्डा पडला. हादरा जाणवताच घरातली माणसं बाहेर धावली म्हणून वाचली. या भागाखाली जुन्या भूमिगत खाणीचं काम झालेलं होतं. त्यानंतर आजूबाजूच्या कुटुंबांना तिथून हलवावं लागलं, तज्ज्ञांची पथकं आली, सर्वेक्षणं झाली.

या घटनेकडे अपघात म्हणून पाहिलं की विषय तिथेच मिटतो. तिच्यामागे काळाचा मोठा पल्ला आहे. वर्धा खोऱ्यात कोळसा काढायला सुरुवात झाली ती १८७० च्या दशकात वरोऱ्याला. ती सरकारी खाण १९०६ मध्ये बंद झाली. मग बल्लारपूर, चांदा, घुग्घुस, राजूर अशा ठिकाणी खासगी कंपन्यांनी खाणी चालवल्या. १९७३ मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि १९७५ मध्ये नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड, आपल्या तोंडातली 'वेकोलि', उभी राहिली. खाणी एका हातातून दुसऱ्या हातात गेल्या, मालक बदलले, नकाशे बदलले. खालच्या पोकळ्या मात्र जागच्या जागी राहिल्या.

खाण बंद करताना काय करायचं याचा बंधनकारक आराखडा कोळसा मंत्रालयाने आणला तो २००९ मध्ये. त्याच चौकटीत पुढे बंद करण्याच्या खर्चासाठी एस्क्रो खात्यात पैसे ठेवण्याचा नियम आला. त्यासाठी उघड्या खाणीला हेक्टरी सहा लाख रुपये आणि भूमिगत खाणीला हेक्टरी एक लाख रुपये असा आधार धरला गेला. भूमिगत खाण जमिनीला कमी इजा करते, हे त्यामागचं गृहीतक. ते वरवर पाहता खरं आहे. झाडं उभी राहतात, शेती चालू राहते, ढिगारे दिसत नाहीत. पण जी इजा दिसत नाही ती मोजली जात नाही, आणि जी मोजली जात नाही तिच्यासाठी पैसेही बाजूला काढले जात नाहीत. वरोरा ते घुग्घुस या पट्ट्यातल्या शतकभराच्या जुन्या खाणींसाठी तर असं खातं कधी उघडलंच नव्हतं.

पाणी कुठे जातं

कोळशाच्या वर अनेक ठिकाणी कामठी गटाचा वालुकाश्म आहे. तो सच्छिद्र असल्यामुळे पाणी चांगलं धरतो. नागपूर-चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात कित्येक विहिरी आणि बोअर याच खडकाच्या जीवावर आहेत. खाण चालू ठेवायची तर आत झिरपणारं पाणी रात्रंदिवस उपसावं लागतं. त्या उपशाने भोवतालची पातळी खाली जाते. वरचं छत कोसळलं तर वालुकाश्मात भेगा पडतात आणि जे पाणी गावाच्या विहिरीत यायचं ते खाणीतल्या उपशाच्या खड्ड्यात जातं.

हे पाणी अगदीच वाया जातं असंही नाही. पाटणसावंगीच्या भूमिगत खाणीतलं पाणी शुद्ध करून वेकोलिने 'कोल नीर' नावाने बाटलीत भरलं. इतर खाणींचंही पाणी आसपासच्या गावांना आणि शेतीला दिलं जातं. खाण चालू आहे तोवर ही सोय टिकते. खाण बंद झाली, पंप थांबले की पोकळी हळूहळू पाण्याने भरते. गंधकयुक्त खनिज असलेल्या थरांत ते पाणी आम्ल होतं आणि लोह, मँगनीज विरघळवून घेतं. शिवाय पाण्याने भरलेली जुनी पोकळी शेजारच्या चालू खाणीला जीवघेणी ठरू शकते. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळ चासनाला खाणीत पाणी घुसून पावणेचारशे कामगार बुडाले, ते कुठल्याही खाणकामगाराला सांगावं लागत नाही.

आगीचंही असंच आहे. गोफमध्ये राहिलेला कोळशाचा चुरा हवेतला ऑक्सिजन शोषून आपोआप तापतो आणि पेटतो. वर्धा खोऱ्यातला कोळसा या बाबतीत बदनाम आहे. झारखंडमधल्या झरिया कोळसापट्ट्यातली आग १९१६ पासून धुमसते आहे. रेतीने गच्च भरलेल्या गोफला हवा मिळत नाही, म्हणून आग लागण्याची शक्यताही खूप घटते. एका भरणाने आग टळते आणि जमीन, पाणी, माणूस या तिन्ही गोष्टी राखल्या जातात.

मँगनीजवाल्यांनी जे सोडलं नाही

स्टोइंगचं तंत्र नवं नाही. झरिया-राणीगंजमध्ये एकामागून एक दुर्घटना घडल्यावर १९३९ मध्येच कोळसा खाण सुरक्षा (स्टोइंग) कायदा झाला, कोळशावर कर बसवून त्यातून भरणासाठी मदत देण्याची व्यवस्था झाली. पुढच्या कायद्यांनीही ती चालू ठेवली. खाण नियमांनुसार रेल्वे, सार्वजनिक रस्ता किंवा इमारतीपासून ४५ मीटरच्या आत खाणकाम न्यायचं तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची परवानगी लागते, आणि अशा ठिकाणी भरणाची अट पडते. म्हणजे काय करायला हवं, हे आपल्याला ऐंशी वर्षांहून जास्त काळ ठाऊक आहे.

मग भरण सगळीकडे का झालं नाही? याचं उत्तर भरवेली आणि चिखल्यात मिळतं. 'मॉईल' या सरकारी मँगनीज कंपनीच्या या खाणींत मँगनीजची शीर तीव्र उताराने खोल गेलेली आहे. भरवेली तर आशियातल्या सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाणींत गणली जाते. इथली पद्धत 'कट अँड फिल': खालून एक आडवा काप काढायचा, ती जागा रेतीने भरायची, त्या भरणावर उभं राहून वरचा काप काढायचा. भरण हीच कामगाराच्या पायाखालची जमीन. ते झालं नाही तर उद्याची पाळी लागत नाही, उत्पादन थांबतं. म्हणून ते होतंच.

कोळशात तसं नाही. तिथे भरण न करताही खांब कापून मागे सरकता येतं, कोळसा निघतो, पाळी पूर्ण होते. भरणाचा फायदा वर राहणाऱ्याला, आणि तोही कदाचित वीस-पन्नास वर्षांनी. खर्च मात्र आजच्या टनामागे, आजच्या कंपनीला. रेती आणा, बंकर बांधा, पाइप टाका, गोफच्या तोंडाशी बांबूच्या तट्ट्यांचे बंधारे घाला, पाणी निथरू द्या, पुन्हा उपसा. कामाचा वेगही मंदावतो. ज्याला धोका त्याच्या हाती निर्णय नाही आणि ज्याच्या हाती निर्णय त्याला धोका नाही, हा या विषयाचा गाभा आहे. मँगनीजच्या खाणीत दोघेही एकाच भरणावर उभे आहेत, म्हणून तिथे कायद्याची आठवण करून द्यावी लागत नाही.

नदी उपसून भूगर्भ भरायचा?

आता रेतीचा हिशेब. एक टन कोळसा काढला की साधारण पाऊण घनमीटर पोकळी होते. ती गच्च भरायला जवळपास एक टन किंवा थोडी जास्तच रेती लागते. एका मध्यम भूमिगत खाणीतून वर्षाला दोन लाख टन कोळसा निघत असेल, तर वर्षाला दोन लाख टनांहून अधिक रेती खाली जायला हवी. ती कन्हान, वर्धा, वैनगंगा यांच्याच पात्रांतून येणार.

वैनगंगेच्या काठच्या गावांना रेती उपसल्याचे परिणाम सांगायची गरज नाही. पात्रातली रेती पाणी साठवते आणि उन्हाळ्यात काठच्या विहिरींना ओल देते. ती गेली की पात्र खडकाला लागतं, डोह उघडे पडतात, दरडी ढासळतात. घाटावरून निघालेले टिप्पर ज्या रस्त्यांनी जातात ते रस्ते टिकत नाहीत. बांधकामासाठी नदीवर पडलेला भार आधीच तिच्या ताकदीबाहेर गेलेला आहे. त्यावर खाणींचं भरण टाकलं तर एका जागची पोकळी बुजवून दुसऱ्या जागी नवी पोकळी केल्यासारखं होईल. चंद्रपूरच्या कुटुंबाचं घर वाचवायला दवनीवाड्याच्या शेतकऱ्याची विहीर आटवणं, हा न्याय होऊ शकत नाही.

कोळशातूनच आलेली राख

म्हणून दृष्टी राखेकडे वळते. भारतीय कोळशात राखेचं प्रमाण तीस ते पंचेचाळीस टक्के. तिरोड्याला ६६० मेगावॅटचे पाच संच आहेत. ते २०१२ ते २०१४ या काळात सुरू झाले. प्रकल्पाला सुरुवातीला ताडोबाला लागून असलेल्या लोहारा कोळसापट्ट्यातून कोळसा मिळायचा होता. चंद्रपूरकरांनी त्याला कडाडून विरोध केला, इको-प्रो या संस्थेचे बंडू धोत्रे २००९ मध्ये उपोषणाला बसले आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मंजुरीची प्रक्रिया मागे घेतली. वाघांचं जंगल वाचलं, ही विदर्भाच्या पर्यावरण चळवळीची अभिमानाची गोष्ट आहे. कोळसा मग इतर खाणींतून आला.

एका युनिट विजेला साधारण सहाशे ग्रॅम कोळसा धरला आणि संच तीन चतुर्थांश क्षमतेने चालले, तर वर्षाला सव्वा कोटी टनांहून अधिक कोळसा लागतो आणि चाळीस लाख टनांच्या वर राख उरते. हा माझा ढोबळ हिशेब आहे, पण प्रश्नाचा आकार कळायला पुरेसा आहे.

राखेबद्दलचे नियम १९९९ पासून कडक होत आले आहेत. २००९ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या भूमिगत खाणींना भरणाच्या सामग्रीत वजनाने किमान २५ टक्के राख वापरायला सांगितलं. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने खाणी भरण्याला राखेच्या मान्य वापरांत ठेवलं आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे एक हजार रुपयांची भरपाई बसवली. ओडिशात तालचेरला तर साउथ बलांडाच्या सोडून दिलेल्या उघड्या खाणीत वीजकेंद्राची राख पाण्याबरोबर सोडून खड्डा भरण्याचं काम २००५ च्या सुमारासच सुरू झालं.

राख तळ्यात साठवत राहणं किती धोक्याचं आहे हे नागपूरने पाहिलं आहे. १६ जुलै २०२२ च्या पावसात कोराडी वीजकेंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला आणि राखेचा चिखल शेतांत, नाल्यांत, नदीत शिरला. पिकासकट माती बुडाली. त्या तुलनेत राख बंद पोकळीत बांधून ठेवणं शहाणपणाचं आहे.

पण इथे घाई नको. उडती राख (फ्लाय ॲश) फार बारीक असते. तिच्यातून पाणी लवकर निथरत नाही. तट्ट्यांचा बंधारा तुटला तर पातळ गारा गॅलऱ्यांत घुसून माणसं गाडू शकतो. म्हणून तळाची जाड राख किंवा तळ्यातली निथरलेली राख बरी, आणि उडत्या राखेत सिमेंटसारखं बांधून धरणारं द्रव्य हवं. दुसरी गोष्ट पाण्याची. राखेत आर्सेनिक, बोरॉन, सेलेनियम, क्रोमियम अल्प प्रमाणात असतात आणि ते भूजलात झिरपू शकतात. कामठीच्या वालुकाश्मासारख्या पाणीदार खडकाखाली राख टाकायची तर आधी तिची तपासणी, मग निरीक्षण विहिरी आणि वर्षानुवर्षं पाण्याच्या नोंदी, हे सगळं हवं. भूगर्भ हा दृष्टीआड टाकण्याचा उकिरडा नव्हे.

आणखी एक हिशेब डोळ्यांआड करता येत नाही. पाऊण घनमीटर कोळशातून जी राख उरते तिने त्या पोकळीचा जेमतेम निम्मा भाग भरतो. उरलेला कोळसा वायू होऊन हवेत गेला आहे. म्हणजे सगळी राख परत नेली तरी भरणाला आणखी काहीतरी लागणारच.

ते काहीतरी खाणीच्याच वर पडलेलं आहे. उघड्या खाणी खोदताना कोळशावरचा खडक काढून डोंगर रचतात. वर्धा खोऱ्यात आणि कामठीत त्या ढिगाऱ्यांत वालुकाश्म भरपूर आहे. वेकोलिने भानेगावला आणि पुढे २०२० च्या सुमारास गोंडेगावला या ढिगाऱ्यांतून रेती वेगळी करायला सुरुवात केली. ती रेती नागपुरात घरकुलांच्या कामालाही गेली. तेलंगणात सिंगरेणी कोळसा कंपनीने ढिगाऱ्यांवर प्रक्रिया करून गोदावरीच्या रेतीऐवजी तीच भरणाला वापरली. छत्तीसगडमध्ये कोरबाच्या सिंघाली भूमिगत खाणीवर गावं, रस्ते, उच्चदाबाच्या तारा असल्यामुळे छत पाडता येत नव्हतं. तिथे राख, दळलेला ढिगाऱ्याचा खडक, सिमेंट आणि पाणी यांचा घट्ट लगदा, म्हणजे 'पेस्ट फिल', वापरण्याचा सात हजार चाळीस कोटी रुपयांचा करार साउथ ईस्टर्न कोलफिल्ड्सने २०२५ मध्ये केला. नदीला हात न लावता पोकळी भरता येते, हे आता कागदावरचं स्वप्न राहिलेलं नाही.

काय मागायचं

आज कोल इंडियाच्या उत्पादनात भूमिगत खाणींचा वाटा पाच टक्क्यांहूनही कमी आहे. २०३० पर्यंत देशातलं भूमिगत उत्पादन १० कोटी टनांवर न्यायचं केंद्राचं उद्दिष्ट आहे. जंगल आणि शेतजमीन वाचते म्हणून ही दिशा बरीही आहे. पण पूर्वीच्याच रीतीने ती वाट चालली तर आपण पुढच्या पिढ्यांसाठी नवी घुग्घुसं तयार करू.

म्हणून काही गोष्टी ठामपणे मागायला हव्यात. वर्धा खोरं, कामठी आणि उमरेड पट्ट्यातल्या जुन्या आणि चालू भूमिगत खाणींचे नकाशे गावनकाशावर चढवून प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत लावले पाहिजेत. ज्या सर्व्हे नंबरखाली पोकळी आहे त्याची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात झाली पाहिजे. प्लॉट घेणाऱ्याला आणि घर बांधणाऱ्याला ती दिसली पाहिजे. वस्तीखालच्या उथळ पोकळ्या आधी भराव्यात, आणि तो खर्च सरकार व कोळसा कंपनीने उचलावा. नव्या भूमिगत खाणीला परवानगी देताना भरण ही सवलतीची बाब न ठेवता कोळसा काढण्याच्या पद्धतीचाच भाग ठरवावा, मँगनीजमध्ये आहे तसा. भरणासाठी नदीची रेती सर्वांत शेवटी यावी: आधी ढिगाऱ्याची रेती, मग तपासलेली राख.

तिरोडा आणि दवनीवाड्याच्या परिसरालाही बोलण्याचा हक्क आहे. राख कुठे पडते, कुठल्या रस्त्याने जाते, तिच्यात काय आहे, आसपासच्या विहिरींचं पाणी काय सांगतं, ही माहिती ग्रामसभेपुढे दरवर्षी मराठीत मांडली गेली पाहिजे. कोळसा आणून परत जाणाऱ्या मालगाड्यांनी बंद वाघिणींतून राख खाणीकडे नेता येईल का, याचा अभ्यास रेल्वे आणि वीज कंपनीने मिळून करावा. हावडा-मुंबई लोहमार्ग गोंदिया-तिरोड्यावरूनच जातो.

या सगळ्याला पैसा लागेल आणि युनिटमागे विजेचा दर काही पैशांनी वाढेल, हे लपवण्यात अर्थ नाही. तो भार वीज वापरणाऱ्या आपण सर्वांनी उचलावा. आजवर तो घुग्घुसच्या कुटुंबाने घर देऊन, कोळसापट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी विहिरींचं पाणी देऊन आणि आपल्या नद्यांनी रेती देऊन भरला आहे. त्यांच्याकडून तो काढून घेऊन बिलावर आणणं एवढंच आपल्याला करायचं आहे.